थोरल्यांचा माळ

वावरपाडा, ता. पेठ
२ फेब्रुवारी २०२५

इरा,

पत्र बघून आधी हसशील. पण पाड्यावर रेंज नाही हे तुला माहीत आहे. ती मिळते थोरल्यांच्या माळाच्या कडेवर, आणि सातवा महिना लागल्यापासून नर्सताईंनी मला तो चढ चढायला बंदी केली आहे. राजू निफाडला द्राक्षांच्या कामावर गेलाय. घरात मी आणि सासूबाई. म्हणून माझ्या शाळेतल्या कागदावर लिहितेय. भारत कंडक्टर पेठला पेटीत टाकेल.

एकच विचारायचं होतं. तू माळावर माणसं पाठवली आहेस का?

संक्रांतीनंतर एक पांढरी जीप येऊ लागली. पोलीस पाटलांनी हटकलं तर त्या लोकांनी तुझा पेपरातला लेख काढून दाखवला, नकाशासकट. म्हणाले, आम्ही सर्वेवाले. पाटील निर्धास्त झाले. मीही झाले. वाटलं, इराचं काम पुढे सरकलं, आता ती स्वतः येईल आणि माझ्या घरी राहील.

परवा कलाबाई गवत कापायला वर गेली होती, ती रिकाम्या हाताने परत आली. दारातच बसली. म्हणाली, "बाई, थोरला फोडलाय."

तू मला तो माळ दाखवलास तो दिवस आठवतो? म्हणजे तसा मी लहानपणापासून बघितलेला, पण तू दाखवलास. गुडघाभर वाळलेलं गवत, लांबपर्यंत एक झाड नाही, आणि त्यात त्या दगडांच्या गोल राशी. तू म्हणालीस, यातल्या प्रत्येक राशीखाली कुणीतरी पुरलेलं आहे, हजारो वर्षांपूर्वीचं. मी म्हणाले, हे तर आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे, म्हणूनच आम्ही त्यांना थोरले म्हणतो आणि येताजाता एकेक दगड वर ठेवतो. तू किती हसली होतीस.

कलाबाईने बघितलं ते असं. दगड उपसून बाजूला फेकलेले. खड्ड्यात मोठं मडकं, फुटलेलं. मडक्यात बारीक हाडं. "लेकराची," ती म्हणाली. आणि त्या हाडांवर हळद, कुंकू, कापलेलं लिंबू, कोंबडीची पिसं. कुंकू ओलं होतं.

तुझे लोक दिवसभर एकही दगड न हलवता मोजमापं घेत बसायचे. ते असं करतात का, इरा?

उत्तर पाठव.

ज्योत्स्ना


नाशिक
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय ज्यो,

हसले नाही. संताप आला. माझी माणसं नाहीत ती. पुरातत्त्व खात्यातही चौकशी केली, त्यांनीही कुणाला पाठवलेलं नाही. लगेच तक्रारीचा अर्ज दिला.

गुप्तधनवाले असणार, दुसरं कोण? त्या काळच्या माणसांकडे सोनं कुठलं! मडकी, मणी, फार तर तांब्याची एखादी बांगडी. मी लेखात स्पष्ट लिहिलं होतं. पण लोक नकाशा बघतात, मजकूर वाचत नाहीत. दोन खड्डे खणतील, काही मिळालं नाही की कंटाळून जातील. तू जिवाला लावून घेऊ नकोस. तुझ्या या दिवसांत तर मुळीच नको.

आता चांगली बातमी. देवव्रत नावाचे एक गृहस्थ लेख वाचून मला भेटायला आले. सातपूरला त्यांचं छोटं वर्कशॉप आहे. माळाभोवती कुंपण घालायला आणि पुढच्या सर्वेक्षणाला मदत करायची तयारी आहे म्हणतात. अतिशय नम्र माणूस. धुळीची अ‍ॅलर्जी आहे, म्हणून कायम तोंडाला पांढरा रुमाल. तुझं पत्र दाखवलं तर माझ्यापेक्षा तेच जास्त हादरले. म्हणाले, "मॅडम, आता तर उशीर करून चालणार नाही."

आईला ते भलतेच आवडलेत. घरी आले की वाकून नमस्कार करतात, तिला माय म्हणतात. त्यांच्या आईच्या पाठीत उसण भरलीय असं निघालं, तर आमच्या मातोश्री लगेच, "अहो, इरा पायाळू आहे!" तुला सांगितलं होतं ना हॉस्टेलवर? मी जन्मताना पाय आधी बाहेर आले. लहानपणी अख्ख्या गल्लीच्या उसणी मी लाथ मारून बऱ्या केल्यात. ते खूप हसले. दुसऱ्या दिवशी खरंच आईला घेऊन आले. लावला मी पाय, काय करणार! मग त्यांनी माझी जन्मवेळ विचारली. ज्योतिषाची हौस आहे म्हणे.

महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, ते मला माळावर घेऊन येतायत. काम आटोपलं की तुझ्याकडे येतेच. सासूबाईंना सांग, नागलीची भाकरी हवी.

तुझी
इरा


वावरपाडा
१५ फेब्रुवारी २०२५

इरा,

बाकीचं नंतर वाच. गुरुवारी येऊ नकोस. त्या माणसाबरोबर कुठेही जाऊ नकोस.

तुझं पत्र मी सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवलं. पायाळूचं आलं तसं त्यांनी माझा हात धरला. मग बाहेर गेल्या आणि पाड्याच्या टोकाला राहणाऱ्या झिपरूकाकांना घेऊन आल्या.

काका पायाळू आहेत. उसणीला पायाळूचा पाय लावतात ते तुमच्याकडेही आणि आमच्याकडेही. पण लोक आणखी एक मानतात. पायाळूच्या डोळ्यांत काजळ घातलं की त्याला जमिनीखालचं धन दिसतं. तू हे ऐकलं असशील, ऐकून सोडून दिलं असशील. गेल्या महिन्यात जीपवाल्यांनी काकांना मजुरीला म्हणून माळावर नेलं. ते भिंत धरत धरत परत आले. डोळे सुजून बंद झाले होते. काय घातलं देव जाणे. आता त्यांना उजेड आणि अंधार एवढंच कळतं. कुणाला काही बोलले नाहीत, कारण बोललास तर नातींना उचलू असं सांगितलं होतं. आम्हाला वाटत होतं डोळे आलेत.

मी त्यांना तुझ्या पत्रातल्या माणसाबद्दल विचारलं. ते म्हणाले, "तोंडाला धवळा रुमाल? लय ग्वाड बोलतो? समद्या बायांना माय म्हनतो?"

त्या लोकांचं आपसातलं बोलणं काकांनी ऐकलंय. म्हाताऱ्याच्या डोळ्याला दिसत नाही, कुवार मुलगी पाहिजे, पायाळू. अवसेला आणायची. तिच्याकडून धन दाखवून घ्यायचं, मग तिला तिथेच द्यायची.

द्यायची म्हणजे काय, असं मी विचारलं. काका उठून गेले.

मी कॅलेंडर बघितलं. तू लिहिलेला गुरुवार अमावास्या आहे.

कलाबाईला तुझा नंबर देऊन माळाच्या कडेवर पाठवलं होतं. जीप उभी होती, त्यांनी तिला अर्ध्या वाटेवरून परत पिटाळलं. पाटील म्हणतात, बाई, तुम्ही गरोदर आहात, मनात नाही ते येतं. आता हे पत्र भारतकडे देतेय आणि तुझा नंबरही. पेठला पोचला की तुला फोन करेल. तो उचल.

मला एवढंच कळव की तू येत नाहीयेस.

ज्योत्स्ना


नाशिक
२३ फेब्रुवारी २०२५

प्रिय ज्यो,

तुझं उत्तर नाही. रागावलीस का? मागच्या पत्रात मी तुझी भीती फार हसण्यावारी नेली असं नंतर वाटलं. का तब्येत बरी नाही? एका अनोळखी नंबरवरून सारखे फोन येतायत, क्षणभर वाटलं तूच असशील. पण हे लोनवाले पिच्छा सोडत नाहीत, म्हणून ब्लॉक करून टाकला.

आमचं गुरुवारचं नक्की. खरं सांगू का, मला थोडं कसंसंच होतंय. कारण काही नाही. देवव्रत म्हणाले, फोटो चांगले यायला हवेत, तर कोरी साडी नेसा, न धुतलेली. बरं. मग म्हणाले, त्या दिवशी उपास धरला तर बरं, थोरल्यांचा मान. तेही मी समजू शकते, कामगारांना बरं वाटतं. पण काल म्हणाले, आपण माळावर जातोय हे माय‌ला सांगू नका, त्या उगाच काळजी करतील, त्र्यंबकला जातोय म्हणा. चोरांना सुगावा नको, म्हणून दुसऱ्या कुणालाही सांगू नका. हे सगळं इतकं हसतमुखाने की नाही म्हणताना मलाच ओशाळल्यासारखं झालं.

त्यांच्यासमोर हो म्हणाले. आणि घरी येऊन तुला लिहायला बसले. का कोण जाणे. कुणाला तरी माहीत असावं असं वाटलं.

उद्या स्पीड पोस्टाने टाकते, म्हणजे आमच्या आधी पोचेल. गुरुवारी बाराच्या सुमारास माळावर असू. जमलं तर पाड्याच्या बाजूने वर बघ, मी हात करेन.

इरा


नाशिक
१४ मार्च २०२५

ज्यो,

तुझ्या घरातून निघताना मी तुला काहीच सांगितलं नाही. पोलिसांना सगळं सांगितलं, त्यांनी लिहून घेतलं, मी सही केली. पण ते सांगताना मी दुसऱ्या कुणाची तरी गोष्ट सांगतेय असं वाटत होतं. तुला सांगितल्याशिवाय ती माझी होणार नाही.

आधी तुझ्या पत्राचं. ते वेळेत आलं होतं. मी ऑफिसात होते. देवव्रत घरी आलेला होता. आईने पाकीट त्याच्याच हातात दिलं, "तुम्ही इराला भेटणारच आहात ना संध्याकाळी" म्हणून. त्याने ते खिशात घातलं, चहा प्यायला, आणि संध्याकाळी मला भेटून पुढच्या गुरुवारी काय काय न्यायचं ते बोलला. आईला हे कळल्यापासून ती जेवताना ताटावरच थांबते. मी पोळी वाढून तिच्या शेजारी बसते.

त्या दिवशी जीपमध्ये तो, ड्रायव्हर आणि आणखी एक जण. फोटोग्राफर कुठाय विचारलं, तर म्हणाला, वर भेटेल. पेठ मागे पडलं तसे ते तिघे बोलायचे थांबले. घाटात मी दार उघडून उडी मारायचा विचार केला. आणि लगेच स्वतःलाच झापलं की काय हा वेडेपणा, सभ्य माणूस आहे. ज्यो, हे मला अजून टोचतं. मला भीती वाटत होती आणि मी तिची लाज बाळगत होते.

माळावर ऊन असं होतं की गवत पांढरं दिसत होतं. वारा नाही. त्याने म्हटलं, "चप्पल काढा मॅडम. हे स्मशान आहे, तुम्हीच लिहिलंय." मी काढली. म्हटलं, "मोबाइल द्या, फोटो काढतो." मी दिला. स्वतःच्या हाताने दिला.

मधल्या मोठ्या थोरल्याचे दगड काढलेले होते. खड्ड्याभोवती हळदीचं रिंगण. आणि त्याच्या शेजारी आणखी एक खड्डा होता, नुकताच खणलेला. लांबट. त्यात मडकं नव्हतं, दगड नव्हते, काहीच नव्हतं. मी आयुष्यभर पुरलेली माणसं बघत आलेय, खड्डा कशासाठी खणलाय ते मला मापावरून कळतं. तरी विचारलं, "हा कसला?"

"तो नंतर लागेल," तो म्हणाला.

दोघांनी दंड धरले आणि त्याने माझ्या डोळ्यांत काजळ घातलं. अगदी हळू, लहान मुलीला घालावं तसं. भयंकर झोंबलं. पाण्यातून बघावं तसं सगळं हलू लागलं. "भिऊ नका. फक्त सांगा, खाली काय दिसतंय?"

काही दिसत नाही, असं ओठांवर आलं होतं. पण मला तो रिकामा खड्डा दिसत होता. दिसत नाही म्हटलं की माझा उपयोग संपला. दिसतंय म्हटलं, तरी संपलाच.

म्हणून मी म्हटलं, "इथे नाहीये. सरकतंय. तिकडे आहे."

कुठून सुचलं माहीत नाही. तिघांचे चेहरे बदलले. मला पुढे घालून ते मागे चालू लागले. मी पाड्याच्या बाजूने निघाले, कारण तुझं गाव तिकडे आहे एवढंच मला माहीत होतं. पायात कुसळं घुसत होती. पुढच्या थोरल्यापाशी थांबले, म्हटलं, दगड काढा. ते काढू लागले. बरंच उपसून झाल्यावर म्हटलं, पुढे गेलं. असं करत करत एकेका थोरल्यावरून त्यांना नेत राहिले. ज्यांच्या राशी मी गेल्या वर्षी हात न लावता मोजल्या होत्या, त्या मी त्यांच्याकडून फोडून घेत होते. मनात म्हणत होते, माफ करा, माफ करा, आणखी थोडा वेळ द्या.

शेवटच्या थोरल्याच्या पुढे माळच नव्हता. कड होती.

तो माझ्याजवळ आला. आवाज चढवला नाही. "खोटं बोलताय ना, मॅडम?" म्हणाला. दुसऱ्याने मागून माझे केस धरले.

मी खाली बघितलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, नीट दिसत नव्हतं. आधी एक पदर दिसला. मग विळा. मग आणखी विळे. आणि सगळ्यांच्या पुढे कमरेला हात लावून धापा टाकत चढणारी तू. मला वाटलं काजळानेच हे दाखवलं.

पुढचं तुला माहीत आहे, तू मध्ये उभी राहिलीस आणि बायकांनी पोलीस येईपर्यंत त्या तिघांना घेरून ठेवलं.

आणि एक सांगायला हवं. ते दोघे आत आहेत. देवव्रत सुटला, जामिनावर. परवा मी गंगापूर रोडला रस्ता ओलांडत होते, पलीकडे तो उभा होता. त्याने मला बघून मान लववली, नेहमीसारखी. मी तशीच रिक्षात बसले आणि घरी आले. तेव्हापासून बाहेर पडले नाहीये.

तू काळजी घे. तुझे दिवस भरत आलेत.

इरा


वावरपाडा
३० एप्रिल २०२५

प्रिय इरा,

उत्तराला उशीर झाला. कारण पुढे येईलच.

तू विचारलं नाहीस, पण सांगते. त्या गुरुवारी पोस्टमन आला तेव्हा मी विहिरीवर होते. आदल्या दिवशी शिवरात्रीची सुट्टी, म्हणून पत्र त्या दिवशी आलं. भारतचा फोन लागला नव्हता, पण माझं पत्र तुला मिळालं असेल असं मी धरून चालले होते; वाटलं, तू येत नाहीस असं लिहिलं असशील. उभ्याउभ्या वाचलं. डोक्यावर ऊन आलेलं होतं. मी काय ओरडले ते मला आठवत नाही. गोजराबाई म्हणते, मी फक्त "आमची पोरगी वर हाय" एवढंच म्हणत होते. कुणाची, कशी, कुणी विचारलं नाही. कुणी घागर तिथेच ठेवली, कुणी गवतातून विळा उचलला. सासूबाई म्हणाल्या, पोटुशी बाई आडवी आली तर कोण हात उचलणार नाय, तू पुढं हो. मला ते खरं वाटलं नाही. पण मागे राहणंही जमलं नाही.

मी शूर नव्हते. चढताना पोटात सारखं आवळत होतं आणि मी बाळाला म्हणत होते, आत्ता नको.

मुलगी झाली, इरा. या महिन्याच्या मध्यावर. राजू निफाडहून आला होता, बरं झालं. कळा लवकर सुरू झाल्या, अ‍ॅम्ब्युलन्स आली, पण घाटातच सगळं झालं. नर्सताईंचा चेहरा एकदम गंभीर झाला. मग त्या म्हणाल्या, "बाई, जोर लावू नका, पाय आलेत आधी."

पाय.

मी त्या कळांतही राजूकडे बघितलं. त्याने डोळे मिटून घेतले होते.

पोर सुखरूप आहे. पेठला दवाखान्यात तिला छातीशी धरून मी एकच ठरवलं, की हे कुणाला कळू द्यायचं नाही. नर्सताईंच्या पाया पडले. त्या म्हणाल्या, माझ्या तोंडून जाणार नाही. राजू म्हणाला, डोकं आधी आलं असंच सांगू. पाचवीला बायका आल्या, सगळ्यांनी विचारलं, आम्ही तसंच सांगितलं. आणि त्या रात्रीपासून माझी झोप गेली. ती जरा रडली की मला वाटे, तिचं रडणं ऐकून कुणालातरी कळेल. तिचे पाय मी उन्हाळ्यातही कापडात गुंडाळून ठेवत होते. कलाबाई बाळंतिणीला तेल लावायला यायची, तर मी पोरीचे पाय तिला धरू देईना. मी कलाबाईला भ्यायला लागले होते, इरा. जी माझ्या मागे विळा घेऊन चढली तिला.

मग तुझं पत्र पुन्हा वाचलं. "मला भीती वाटत होती आणि मी तिची लाज बाळगत होते," असं तू लिहिलंयस. तो माणूस तुझ्यासमोर रस्त्यापलीकडे उभा होता, आणि ते गल्लीत एकालाही माहीत नव्हतं.

काल बारसं झालं. नाव स्नेहा ठेवलं. पाळण्याभोवती सगळ्या जमल्या होत्या, गोजराबाई, मंगलाबाई, कलाबाई, झिपरूकाकांच्या नाती. मी राजूला न विचारता उभी राहिले आणि सांगितलं, माझी पोर पायाळू आहे, तुमच्याशी खोटं बोलले.

सासूबाई जमिनीकडे बघत होत्या. राजू दारातून आत आला आणि माझ्याशेजारी उभा राहिला, एवढंच. मग गोजराबाईने पाळण्यातून पोरीला उचललं, मांडीवर घेतलं, पायांचं कापड सोडलं आणि सगळ्यांच्या देखत तिच्या तळव्यांना तेल चोळायला लागली. "किती गुंडाळलंय गं हिला, उबारलं ना लेकरू," म्हणाली. तिच्या मांडीवरून मंगलाबाईने घेतली, मग कलाबाईने.

माळावरचं लेकराचं मडकं बायकांनी परत झाकलंय, दगड जसे जमले तसे रचलेत. तुझ्या नकाशाप्रमाणे नसतील. तू आलीस की बघ.

आणि तू ये. आईंनाही घेऊन ये. त्या माणसाने मान लववली हे तिथे शेजारीपाजारी सगळ्यांना सांग, नावानिशी सांग, मग ये.

भीती गेलीय असं नाही. रस्त्यावर गाडीचा आवाज आला की मी अजून पोरीला उचलून आत पळते आणि कडी लावते. आज सकाळीही लावली. फटीतून बघितलं तर गाडी दुधाची होती. पण समोरच्या तिन्ही घरांतून बायका बाहेर येऊन माझ्या ओट्यासमोर उभ्या राहिल्या होत्या, आणि गाडी वळणाआड जाईपर्यंत एकही आत गेली नाही.

तुझी
ज्योत्स्ना